उन्हात लावलेले नेचे

तुमच्या अंगणात तुमच्याआधी कोण कोण राहून गेलं, हे सातबाऱ्यापेक्षा माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना जास्त ठाऊक असतं. त्यांना सगळे आबा म्हणतात. तारापूरजवळच्या त्यांच्या वाडीत नारळी आहेत, चिकू आहेत, पण आबांचा जीव अडकलेला असतो तो दुसऱ्यांच्या अंगणात. नात्यागोत्यात कुणी नवं घर घेतलं की आबा न बोलावता हजर. आम्ही बोईसरला घर घेतलं तेव्हा सामान अजून टेंपोत होतं आणि आबा फाटकाशी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसलेले. "आज काय लावायचं नाय," ते म्हणाले. "आज फक्त ऊन बघायचं." मग दिवसभर ते स्टुलावर आणि हातात चुन्याची फक्की. सावली जिथवर येई तिथवर एक रेघ. दुपारपर्यंत अंगणाची अशी दशा झाली की समोरच्या बाईंनी, तुमच्याकडे खो-खोचे सामने आहेत का, म्हणून चौकशी केली.

झाडं निवडताना आबा मुलीला स्थळ बघणाऱ्या बापासारखे होतात. दिसण्यावर जात नाहीत. टिकेल का, एवढंच बघतात. गुलाबाचं नाव काढलं की तोंड कडू करतात. "चार दिवस मिरवनार, मग त्याची औषधं आनत बसा." उन्हात सदाफुली, कोरांटी, कर्दळ. आडोशाला अबोली आणि सोनटक्का. जिथं ऊन पोचतच नाही तिथं नेचे, ज्यांना आता सगळे फर्न म्हणतात. माणसांचीही ते अशीच वाटणी करतात. माझे यजमान त्यांच्या मते सावलीतले आणि मी अर्ध्या सावलीतली. "ताईंना सकाळचं ऊन चालेल, दुपारी चिडतील," हे त्यांचं वाक्य यजमानांनी अजून जपून ठेवलंय आणि संधी मिळेल तिथं ते वापरतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी आबांनी कुंपणापाशी फक्कीचं एक मोठं रिंगण काढलं आणि आत नेचे लावायला घेतले. वर झाड नाही, बाजूला भिंत नाही, नुसतं ऊन. मी म्हटलं, "आबा, दोन दिवसांत करपतील." त्यांनी उलट्या हाताने जमीन चाचपली. "इथं सावली हाय. झाड गेलं म्हनून सावली लगेच जाते काय? तिला वेळ लागतो." नेचे करपले नाहीत. उलट असे माजले की दोनदा कापावे लागले. पुढे एकदा सफाळ्याकडची भाजीवाली पाटी उतरवून नेमकी त्या रिंगणात टेकली. "इथं मोठा करंज होता," ती म्हणाली. "आमी सगळ्या त्याच्याखाली बसायचो." बोलता बोलता, त्या भर उन्हात, तिने पदर अंगाभोवती ओढून घेतला. त्या कोपऱ्यात मी कपडे वाळत घालत नाही. तिथं ते वाळत नाहीत.

मागच्या वर्षी आबांची बायको गेली. दोघांचा संसार अंगणातच झाला म्हणायचा. आबा चिकूखाली बाजेवर, आणि काकी समोर उन्हात, वाळत घातलेले बोंबील राखत. तिथून त्या कावळ्यांना आणि आबांना आळीपाळीने बोलायच्या. त्या गेल्यावर आबांच्या मनाने एकच घेतलं. झाडं मागे काहीतरी ठेवून जातात, तर हिनेही ठेवलं असेल. ते आहे की नाही, एवढं कळलं पाहिजे. म्हणून त्या बसायच्या त्याच जागी त्यांनी नेचा लावला. तो करपला. दुसरा लावला, तोही करपला. तिसऱ्यावर गोणपाटाचा आडोसा धरून ते स्वतः बसून राहिले, तरी तो पानापानाने जळाला. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. लोकांच्या अंगणात जायचे, तेही बंद झालं. मला म्हणाले, "ताई, करंज राहतो, आनि माझी बायको राहत नाय?" मला रडू आलं.

शेवटी माझ्या नणंदेचाच संयम सुटला. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "आबा, आई कधी सावलीत बसल्या होत्या का? तुम्ही जन्मभर हाका मारल्यात, त्या आल्या नाहीत. आता नेच्याखाली कशाला येतील?" जन्मभर लोकांना ऊन-सावली सांगणाऱ्या माणसाने घरच्या माणसाची जागा चुकवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेच्याची आळी बुजवली आणि तिथं सदाफुली लावली. ती जगली. पण सदाफुली सिमेंटच्या फटीतही जगते. तिच्या जगण्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि हे आबांहून जास्त कुणाला कळणार? मला वाटलं, त्यांनी नाद सोडला.

परवा मी गेले होते. उन्हं कधीच उतरली होती, नारळींची सावली सगळ्या अंगणावर पसरली होती आणि जमीन पायांना गार लागत होती. आबांना चहा द्यायला अनवाणीच निघाले, सदाफुलीपाशी आले आणि पाय झटकन उचलला. चटका बसला होता. मी एक पाऊल मागे घेतलं, तिथं गार. पुन्हा पुढे टेकवून पाहिलं, तर डोक्यावर दुपार असावी तशी माती तापलेली. मी आबांकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते.

"दिवेलागनीपर्यंत असंच राहतं," ते हळू आवाजात म्हणाले. "कोनाला सांगू नका. लोक बघायला येतील. तिला घरात गर्दी झालेली आवडत नाय."

मी बरं म्हटलं. मग त्यांनी बाज उचलायला मला हात लावायला सांगितला, आणि आम्ही ती चिकूखालून ओढत त्या जागेच्या शेजारी आणून टाकली.