रिबीन बांधलेलं खोकं

जुन्या जालन्यातल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून ते खोकं आमच्या कॉलेजात आलं तेव्हा त्यावर छापलं होतं: अमेरिकेतील कृष्णवर्णीय राष्ट्रवाद, अध्यापन संच. मी इतिहास शिकवतो. तृतीय वर्षाला हा विषय एका घटकापुरता आहे, आणि संच मीच मागवला होता. तरी खोकं बघून पहिली शंका आली की आत भारताचे नकाशे असणार.

प्राचार्यांना वेगळी शंका होती. लेबल दोनदा वाचून त्यांनी विचारलं, यातलं काही आपल्या इथं कुणाला लागण्यासारखं आहे का. मी समजावलं. गुलामीतून सुटलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांची गोष्ट आहे. गोरे आपल्याला बरोबरीनं वागवणार नाहीत, तेव्हा आपली दुकानं, आपली वर्तमानपत्रं, आपल्या शाळा काढू, जमलं तर आफ्रिकेत आपला देश उभा करू, असं म्हणणाऱ्यांची. प्राचार्यांनी लेबल तिसऱ्यांदा वाचलं.

"अमेरिकेतलंच आहे ना नक्की?"

नक्की, म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी उद्घाटन ठरवलं.

आमच्याकडे उद्घाटनाशिवाय वस्तू वापरत नाहीत. पाण्याचा कूलर एक अख्खा उन्हाळा पाहुण्यांची वाट बघत कोरडा उभा होता. खोक्यालाही लाल रिबीन लागली. ती वरच्या अंगालाच चिकटवली होती. खाली कोण बघतं? खोकं प्राचार्यांच्या केबिनबाहेर, शिपाईमामांच्या स्टुलाशेजारच्या टेबलावर ठेवलं गेलं. पाहुणे जिल्ह्यातले वजनदार. त्यांची तारीख मिळाली, रद्द झाली, पुन्हा मिळाली. मग उसाचं गाळप सुरू झालं, मग त्यांच्या घरात लग्न निघालं.

यात अडकली एक विद्यार्थिनी. कुंभार पिंपळगावाकडून एसटीनं यायची. आजोबांपर्यंत मेंढरांमागं फिरणारं घर, आता थोडी शेती. तिनं सेमिनारला हाच विषय घेतला होता. सेमिनार वीस गुणांचा, आणि त्या विसांवर तिचा पहिला वर्ग अडलेला. पहिला वर्ग आला तर एम.ए., नाही तर स्थळं बघायची, असं घरी ठरलं होतं. हे तिनं मला अगदी सहज सांगितलं, एसटीची वेळ सांगावी तसं.

संच एका दिवसासाठी मिळेल का, असं तिनं विचारलं. मी उद्घाटनाचं सांगितलं.

"म्हणजे रिबीन कापंपर्यंत न्हाई?"

"नाही."

ती रिबिनीकडे बराच वेळ बघत राहिली. त्या बघण्याचाच मला संशय यायला हवा होता. पण त्या आठवड्यात माझा सगळा संशय प्राचार्यांवर खर्च होत होता.

पाठ्यपुस्तकात या विषयाला चार परिच्छेद आहेत. सेमिनारच्या दिवशी ती अर्धा तास बोलली, कागदाकडे न बघता. त्या चळवळीच्या मिरवणुकांवर आली. गणवेश, पदव्या, पुढाऱ्यांच्या पिसांच्या टोप्या. शालश्रीफळात माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे न राहवून म्हणालो, म्हणजे आपला रोग तिकडेही होता तर. वर्ग हसला. ती हसली नाही.

"पिकल्या केसाच्या माणसाला पण लोक 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारायचे, सर. त्यानं एक दिवस पिसाची टोपी घातली, तर त्याला मिरवणं म्हणायचं का?"

ती पुढे म्हणाली, फोटोत तिसऱ्या ओळीत एक बाई आहे, तिच्या पायात दोन वेगवेगळे बूट आहेत. टोप्या सगळ्यांना दिसतात, बुटाकडं कुणी बघत नाही.

कुठला फोटो, विचारलं. "पाहिलाय," म्हणाली, आणि खाली बघितलं.

दोन दिवस मी मोबाइलवर तो फोटो शोधला. सापडला नाही. कुणाचं तरी भाषण पाठ करून आली, आणि बूट पदरचे घातले, असा मी निष्कर्ष काढला. तिला सांगितलं, आधार दाखव, मग गुण. गुणांची यादी शनिवारी पाठवायची होती. "सांगते, सर," म्हणाली, पण सांगितलं नाही. इकडे शिपाईमामा रोज सकाळी मला गाठून सांगायला लागले, "रिबीन जशीच्या तशी हाये, सर." मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी एकदाचं उद्घाटन झालं. पाहुणे राष्ट्रवादावर पाऊण तास बोलले. त्यात कृष्णवर्णीय एकदाही आले नाहीत. रिबीन कापली, टाळ्या झाल्या, आणि प्राचार्यांनी मला फोटोसाठी खोकं उचलायला लावलं.

उचललं तशी बोटांना खालची चिकटपट्टी लागली. वरची कंपनीची, तपकिरी, कडक. ही पातळ, तीन पदरी, आणि अजून मऊ. एक कड सुटत होती. मी दोन्ही तळवे खाली लावून उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, सर, जरा वर धरा. मी हललो नाही. तेवढ्यात शिपाईमामा पुढे झाले आणि त्यांनीही खालून हात लावला.

"जड हाये," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

जड अजिबात नव्हतं.

सगळे चहाला गेल्यावर मी सामान काढलं. अटलांटिकचे नकाशे, एका जहाज कंपनीच्या शेअरची प्रत, वर्तमानपत्रांची पानं. सगळं बरोबर होतं; माझी पहिली शंका फुकट गेली. मिरवणुकीचा फोटो सगळ्यात खाली, तळाच्या पट्टीला लागून होता, संचाच्या यादीत पहिला असून. तिसऱ्या ओळीतल्या बाईचा एक बूट काळा, एक फिकट. मी तो फोटो हातात धरला तेव्हाही माझी नजर आधी टोप्यांवरच गेली होती.

संध्याकाळपर्यंत प्राचार्यांनी संच काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. वापरून खराब होतो म्हणे.

शनिवारी ती दारात उभी राहिली. रात्री झोपली नसावी. "सर, तो आधार..."

मी म्हणालो, राहू दे, आता गरज नाही. आणि तिच्यासमोर यादीत अठरा लिहिले. अठरात पहिला वर्ग बसतो, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

तिनं आकडा वाचला. "दोन कशाचे कापले, सर?"

"संदर्भ दिले नाहीस म्हणून."

तिनं पिशवी खांद्याला लावली. मग "बराबर हाये," म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.