ईश्वरप्पांचा जिल्हा उघडेना

सकाळी दुकान उघडलं की रत्नम्मा आधी कॉम्प्युटरच्या तिन्ही मशिनी चालू करायची आणि एकेकीच्या मागे जाऊन पंख्याच्या जाळीपुढे हाताची पाठ धरायची. वारा कोमट लागला तर ठीक. गरम लागला तर पदर खोचून, ब्रश घेऊन धूळ काढायला बसायची. उदगीरच्या त्या गल्लीत धुळीला तोटा नव्हता. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात तर मुळीच नव्हता.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, गुरुलिंगचं, टायपिंगची इन्स्टिट्यूट. निलंग्याकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे टाइपरायटरांच्या ओळी होत्या. अडकलेली कळ सोडवायला तिचीच बोटं बारीक, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. कळ अडकलीच का, हे शोधण्यात तिला गोडी. पुढे गुरुलिंग गेला, टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. गोडी तशीच राहिली. ती फॉर्म भरून द्यायची, बिघडलेल्या मशिनी दुरुस्त करायची, आणि कोपऱ्यातली एक मशीन खेळायला भाड्याने द्यायची.

त्या कोपऱ्यात दुपारभर बसणारं गिऱ्हाईक म्हणजे ईश्वरप्पा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती, पण दुष्काळाने मालच येईना. हमाल सावलीला पत्ते कुटत बसायचे. शहर वसवायचा एक खेळ ईश्वरप्पांना सापडला होता. उदगीर जिल्हा होणार ही बातमी दर वर्षी उठायची आणि दर वर्षी विरायची. ईश्वरप्पांनी वाट न बघता जिल्हा करून टाकला. कलेक्टर कचेरी स्टँडच्या अगदी समोर, म्हाताऱ्यांना उन्हात चालायला नको म्हणून. कचेरीमागे तळं, आणि तळ्यापासून घरोघर नळ. कलेक्टर नेमला का, असं मोंढ्यात कुणी चिडवलं, तर ते गंभीरपणे सांगायचे की बंगला व्हायचाय अजून.

त्यांच्या बायकोचे, नीलाबाईंचे गुडघे धरलेले. त्या घराबाहेर पडत नसत. पण नवरा रोज जातो कुठे ते बसवजयंतीला डोळ्यांनी बघून येते, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि नेमकं त्याआधी खेळातलं ते गाव उघडेनासं झालं. रस्ते दिसायचे, पडदा गोठायचा, मग मेमरी संपली असं सांगून खेळ बंद. साऱ्या दुष्काळभराचं काम आत अडकलं. ईश्वरप्पा चिडले नाहीत. ते येऊन नुसते पडद्यासमोर बसून राहायचे, आणि रत्नम्माला ते जास्त जड जायचं.

मेमरी कमी पडते तर वाढवावी, असं तिला वाटलं. लातूरहून रॅमची पट्टी मागवून बसवली. खेळ त्याच जागी कोसळला. आणखी एक बसवली. पुन्हा तेच. मग कोणता प्रोग्राम किती मेमरी घेतो ते दाखवणारी खिडकी तिने शेजारी उघडून ठेवली. खेळापुढचा आकडा चढत चढत दोन जीबीपाशी आला आणि खेळ पडला. मशिनीत ढीगभर मेमरी तशीच रिकामी होती. तिथे कोण अडवतं? दुरुस्ती बाजूला राहिली. तिला त्या दोनाचंच कुतूहल लागलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत टँकर आला. शेजारच्या कोंडाबाईंनी नवी काळी टाकी आणून ठेवली होती, कमरेच्या वर येईल एवढी. टँकरवाल्याने नेहमीएवढं पाणी सोडलं आणि पाइप काढला.

"आरं, भरली कुठं? बुड बी भिजलं न्हाई तिचं."

"टाकी बघून देत न्हाई मावशी. चूल बघून देतो."

गल्लीत ठरलंच होतं तसं. एका चुलीला एक वाटा. कोंडाबाईंच्या सुनेने माडीवर वेगळी चूल मांडली होती. तिच्या फोडणीचा वास साऱ्या गल्लीला यायचा, पण घर फुटलं म्हणतील म्हणून कोंडाबाई ते तोंडातून काढत नव्हत्या. त्यांनी एकदा माडीकडे बघितलं, एकदा टाकीकडे.

"वर सून हाय माझी," त्या हळूच म्हणाल्या. "येगळी रांधती. दोन चुली धर."

"मग सांगायचं की आधीच. तुमी गप बसल्यावर मला काय सपान पडणार?" त्याने पाइप पुन्हा टाकीत सोडला.

रत्नम्मा भरलेली घागर दारातच ठेवून दुकानात शिरली. आपण इतके दिवस नुसती टाकी मोठी करत होतो. आपल्याला जास्त वाटा लागतो, असं खेळाने मशिनीला सांगितलं होतं का? दुपारपर्यंत ती इंटरनेटवर वाचत राहिली. इंग्रजी शब्द अडला की पुढचं वाचून मागचं लावायची. विंडोज अशा जुन्या धाटणीच्या खेळांना दोन जीबीचाच वाटा देतं, मग मशिनीत कितीही असो. आपल्याला त्याहून जास्त पेलतं, अशी बारीक खूण खेळाच्या मुख्य फाइलमध्ये असेल, तरच वाटा वाढतो. या खेळात ती खूण नव्हती.

खूण करून देणारा छोटा प्रोग्राम तिला मिळाला. मूळ फाइलची आणि गावाची नक्कल वेगळी ठेवून तिने ईश्वरप्पांना विचारलं.

"अप्पा, उघडंलच असं न्हाई. खेळ बिघडंल बी. करू?"

"गाव जाईल?"

"गाव ठेवलंय बाजूला काढून."

ईश्वरप्पांनी कपाळाचा घाम पुसला, त्याबरोबर विभूतीही पुसली गेली. "कर," ते म्हणाले. "असंबी कुलूपच हाय."

तिने खूण करून खेळ लावला. आकडा चढू लागला. दोनापाशी पडदा थबकला. मग आकडा दोन ओलांडून सावकाश पुढे सरकला, आणि कचेरीमागचं तळं दिसलं.

बसवजयंतीला नीलाबाई रिक्षाने आल्या. बराच वेळ त्यांनी गाव बघितलं आणि विचारलं, ह्यात आपलं घर कुठलं. ईश्वरप्पांनी अख्खा जिल्हा बांधला होता, पण आपलं घर ठरवायचं राहूनच गेलं होतं. ते कान खाजवू लागले. नीलाबाईंनी तळ्याकाठच्या एका घरावर बोट ठेवलं. रत्नम्मा तोंड फिरवून प्रिंटरमध्ये कागद भरू लागली.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, मोंढ्यात सोयाबीन आलं. दिवाळीनंतर रत्नम्माने दुकान आवरलं. लेकीकडे नांदेडला राहायला जायचं ठरलं होतं. कोपऱ्यातली मशीन तिने ईश्वरप्पांच्या बैठकीत नेऊन जोडून दिली. बाहेर रिक्षा उभी होती. ईश्वरप्पा तिची पिशवी हातात धरून उभे होते. ती टेबलाखाली वाकून वायरी भिंतीकडे सारत होती. तिथूनच म्हणाली,

"रोज उठताना सेव्ह करत जावा अप्पा. आन् आधी खेळ बंद करा, मग बटन दाबा."