दोघांचा भात

लिब्राडा पुनसालान ही चॅपेलमधल्या वेदीची कापडं धुते. अठ्ठावीस वर्षं झाली. कांजी, इस्त्री, शनिवारी संध्याकाळी अंथरणं. मुलगा सेल्सो तुरुंगात गेल्यावरही तिने हे काम सोडलं नाही आणि कुणी सोड म्हटलंही नाही. फक्त तिच्या बाकावर बायका जरा अंतर ठेवून बसू लागल्या.

नारळीच्या बागेच्या हद्दीवरून सेल्सोचं डेलफिनशी वाजलं होतं. डेलफिन लिब्राडाचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलेलं. सेल्सोने दोन सोबती घेऊन त्याला खोबरं वाळवायच्या भट्टीमागे खोपीत डांबलं, हद्दीच्या कागदावर सही कर म्हणून. डेलफिनने सही केली नाही. पाचव्या दिवशी त्याच्यावर कोयता चालला. सोबती पळाले, सेल्सो सापडला.

सेल्सोने आईला सांगितलं होतं, "नानाय, भट्टीवर माणूस लावलाय. दोघांचा भात बांध." तिने बांधला. केळीच्या पानात भात, वर सुकट आणि कोळंबी. तिची नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती, त्यामुळे दिवस पक्के लक्षात आहेत: प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात, सहाव्या दिवशी शेवट. प्रार्थनेच्या चौथ्या, म्हणजे भाताच्या तिसऱ्या दिवशी सेल्सो म्हणाला, "कोळंबी नको घालू आता. त्याला चालत नाही, अंगावर गांधी उठतात."

गावात तेव्हा डेलफिनला शोधत होते. डेलफिनला कोळंबी चालत नाही हे लिब्राडाला नाही तर कुणाला ठाऊक असणार? एका वाढदिवसाला तिच्याच हातचं खाऊन पोराचे ओठ सुजले होते. चुलीपुढे तिला ते आठवलं. मग तिने अंडं उकडलं, सोललं, भातावर ठेवलं. त्यापुढचा विचार तिने केला नाही. प्रार्थनेच्या सहाव्या दिवशी सेल्सोचा शर्ट धुवायला आला तोही तिने धुतला. डाग गार पाण्यात निघतात, गरम पाण्यात बसतात, एवढंच तिच्या मनात होतं.

सेल्सोचे वकील मारालित घरी आले, पंख्यासमोर बसून घाम पुसत बोलले. तेही तिला नानाय, म्हणजे आई, म्हणत.

"नानाय, शर्टाची काळजी सोडा. गुन्ह्यानंतर पोराला लपवलं, पुरावा धुतला, तरी कायदा आईला धरत नाही. पोराविरुद्ध बोलायची सक्तीसुद्धा नाही."

"आणि भात?"

वकिलांनी रुमाल खिशात ठेवला. "कसला भात? आपलं म्हणणं असं, की त्याच दिवशी भांडण झालं आणि रागात हात उठला. मनुष्यवध. बारा ते वीस वर्षं. पोरगा म्हातारा होऊन का होईना, घरी येईल. पण तीन दिवसांच्या वर डांबून ठेवलं आणि मग मारलं, असं ठरलं तर दोन्ही मिळून एकच मोठा गुन्हा होतो. पूर्वी फाशी होती, आता जन्मभर आत. मध्ये सुटका नाही."

"दिवस कुणाला माहीत आहेत?"

"कुणालाच नाही," वकील म्हणाले. मग आवाज उतरवून, "शर्ट मागाहूनचा. भात मात्र तो जिवंत असतानाचा. माहीत असून पाठवलात असं निघालं तर तुम्हीसुद्धा मदतनीस. तेव्हा तुम्ही आपली कापडं धुवा, नानाय. तुमच्याएवढं पांढरं आमच्या कोर्टात काही नसतं."

लिब्राडाने त्यांना कॉफी दिली.

आठवड्याने डेलफिनची आई पासिंग आली. धर्मपुत्रामुळे दोघी एकमेकींना कुमारे म्हणत. इतक्या वर्षांत नावाने हाक नव्हती. ती दारातच उभी राहिली.

"आत ये, कुमारे."

"नको. तुझ्या घरात बसले तर माझा नवरा मला घरात घेणार नाही. एकच विचारते. जेवला का गं तो? डॉक्टर काही सांगत नाहीत. मला झोपताना तेवढंच डोक्यात येतं."

"जेवला. पाचही दिवस."

"काय?"

"भात, सुकट. नंतर अंडं."

"तू कोळंबी घालतेस नेहमी."

"आधी घातली होती. तिसऱ्या दिवसापासून नाही."

रस्त्यावरून पाववाला हॉर्न वाजवत गेला.

"म्हणजे तुला कळलं होतं."

"हो."

"मधे चार घरं आहेत गं. चालत आली असतीस तरी... आता मलाच कशाला सांगतेस? त्यांना सांग."

लिब्राडाने तुरुंगात जाऊन सेल्सोला सांगितलं, की ती कोर्टात भाताचं सांगणार आहे. तो जाळीपलीकडून म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? तू फक्त घरी बस, नानाय. मी तुला काही करायला सांगितलंय का?" ती म्हणाली, "भात बांधायला सांगितलास." रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

ती आपणहून सरकारी वकिलांकडे गेली. सुनावणीला चॅपेलचाच पांढरा ब्लाउज घातला. मारालित वकिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कागदात मान घातली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मुलाविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही, हे माहीत आहे? तुम्ही जे सांगाल ते तुमच्याही अंगावर येऊ शकतं."

"माहीत आहे."

"दोघांचा भात किती दिवस पाठवलात?"

"पाच."

"आणि दुसरा माणूस कोण, हे कळल्यावर?"

"कळल्यावर तीन. ते पाचातच आले."

टंकलेखिकेने हात वर केला. ऐकू आलं नाही, ती म्हणाली, आवाज जरा मोठा करा.

लिब्राडाने माइक जवळ ओढला आणि पुन्हा सांगितलं.