दोन शिफ्टची स्क्रीन

राहनाळच्या गोदामात आम्हा दोघींना मिळून लिनक्सवाला एकच कॉम्प्युटर होता. दिवसाची ड्युटी माझी, संध्याकाळची तिची. ती वज्रेश्वरीची, आल्या आल्या स्क्रीनची भाषा मराठी करायची. सकाळी मी चिडून पुन्हा इंग्रजी करायचे. त्यासाठी लॉगआउट करावं लागे, आणि दारात पावतीसाठी थांबलेले ट्रकवाले हॉर्न मारत बसायचे.

“स्क्रीनवरच्या ट्रॅशला कचरापेटी कोण म्हणतं?” मी एकदा शिफ्ट सोडताना विचारलं.

“मंग काय म्हनायचं? कचराच हाय ना त्यात.”

लग्न होऊन ती लांब गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. रोज स्क्रीन मी सोडलेली तशीच, इंग्रजीत असते.

परवा निघताना मीच मराठी केली. सकाळी कचरापेटी दिसली आणि क्षणभर वाटलं, ती संध्याकाळी येऊन गेली. बाहेर हॉर्न वाजत होते. मी लॉगआउट केलं नाही.