वेळापत्रकाचा भाव

जानेफळच्या जयमालाला शाळेचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर लिहायला दोन उन्हाळे लागले. त्याचा भाव ठरवायला तिसरा लागला, आणि तोच जास्त तापला.

मेहकरच्या एका खासगी शाळेत ती संगणक शिकवायची. तिथे दर जूनमध्ये हेडमास्तर पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत आठवडाभर बसत, तरी एकच सर एकाच तासाला दोन वर्गांत निघत. जयमालाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्षक, विषय आणि वर्ग भरले की चार मिनिटांत वेळापत्रक तयार. आजूबाजूच्या शाळांना हे कळलं आणि फोन सुरू झाले, "मॅडम, किती घ्यान?" इथेच तिची गाडी अडली.

आधी तिनं एका कॉम्प्युटरला एक परवाना ठेवला. दुसऱ्या मशीनवर ते उघडायचंच नाही. आठच दिवसांत मेहकरच्या स्टँडजवळ तिला एका संस्थेचा शिपाई दिसला. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोरीनं आवळून बांधलेलं होतं. काय आहे म्हणून विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं, की संस्थेच्या शाळा तीन आणि परवाना एका कॉम्प्युटरचा, म्हणून कॉम्प्युटरच शाळाशाळांतून फिरवून राह्यलो. जयमालाला राग यायला हवा होता. पण उन्हानं मशीन तापू नये म्हणून त्यानं वरून ओला टॉवेल टाकला होता. तो पाहून, मशीनमध्ये पाणी जाईल म्हणून, तिनं आधी टॉवेल काढायला लावला.

मग तिनं शिक्षकामागे चाळीस रुपये असा भाव लावला. मोठी शाळा जास्त देईल, लहान कमी. तिला हे न्यायाचं वाटलं. या भावाचं पहिलं गिऱ्हाईक उकंडराव सर, शेजारच्या एका गावातल्या हायस्कूलचे हेडमास्तर, काटकसरीत कुणाचं न ऐकणारे. त्यांच्याकडे शिक्षक सव्वीस होते. त्यांनी एकवीसच भरले. सॉफ्टवेअरनं इमानदारीत एकविसांनाच सगळे तास वाटून दिले. सोमवारी वेळापत्रक भिंतीवर लागलं. चित्रकलेचे गोकुळ सर आपलं नाव शोधायला तीनदा गेले. ते नव्हतंच. आठवीच्या चित्रकलेला गणिताच्या बाई गेल्या आणि त्यांनी पोरांकडून परिकरानं चाळीस वर्तुळं काढून घेतली. गोकुळ सर तीन दिवस स्टाफरूममध्ये चहा पीत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला, की आपण या शाळेत आहोत की नाही, हे लेखी कळवावं.

जयमाला शाळेत गेली तेव्हा उकंडराव सर जराही ओशाळले नाहीत. "तुमी डोकी मोजून पैसे घेता, मॅडम," ते म्हणाले, "तं आमी डोकी कमी केली."

गोकुळ सरांसमोर मात्र तिलाच लाज वाटली. ते हळूच म्हणाले, "मले वाटलं, तुमच्या कॉम्प्युटरले चित्रकला आवडत नसन."

संध्याकाळी जेवताना तिनं हे घरात सांगितलं. नवरा अविनाश एसटीत कंडक्टर. त्याच्या डोक्यात पास सोडून दुसरं काही येणं कठीण. त्यानं सुचवलं की महिन्याचा पास ठेव, मुदत संपली की सॉफ्टवेअर बंद. जयमालाला पटत चाललं होतं, तेवढ्यात सासू सिंधूताईंनी भाकरी खाली ठेवली. त्या गावात लग्नकार्याला मोठे गंज आणि कढया भाड्यानं देत.

"मी गंज देतो तवा जेवणारे मोजतो का?" त्यांनी विचारलं. "कार्याचे पैसे घेतो. अन् पंगत बसली असताना गंज उचलून आणतो का?"

जयमालाचा घास हातातच राहिला. सत्र मध्यावर असताना वेळापत्रक बंद पडलं तर पोरांनी कुठल्या वर्गात जायचं?

तिनं एका पानावर, कुणालाही वाचता येईल अशा मराठीत, परवाना लिहिला. एका शाळेला वर्षाचा एकच भाव. शिक्षक कितीही असोत, कॉम्प्युटर कितीही असोत. एकदा लावलेलं वेळापत्रक कायम उघडणार, पैसे न भरले तरी. नव्या वर्षाचं लावायचं असेल तरच नवे पैसे. आणि पाच शिक्षकांपर्यंतच्या शाळांना फुकट. हे शेवटचं लिहिताना तिला जरा भीती वाटली, पण तिनं ते खोडलं नाही.

पुढच्या जूनपर्यंत एकोणीस शाळा झाल्या. उकंडराव सरांनी यंदा सव्वीसच्या सव्वीस भरले, शिवाय कुणी विचारलं नसताना शिपायाचंही नाव टाकलं.

एक दिवस सोनाळ्याकडच्या एका दोनशिक्षकी शाळेतून गुरुजींचा फोन आला. दोघांनाच वेळापत्रक कशाला लागतं, असं जयमालानं विचारलं.

"मॅडम, शेवटचा तास कोणी घ्यावा, यावरून आमचं दोघाईचं रोज भांडण होते," गुरुजी म्हणाले. "तुमच्या कॉम्प्युटरनं सांगतलं तं ऐकू."

तिनं त्यांना फुकट परवाना पाठवला. सॉफ्टवेअरनं शेवटचा तास एक दिवसाआड वाटून दिला. शनिवारी तो खेळाचा होता. त्या चौकटीत दोघांचीही नावं आली. जयमालानं ती चूक म्हणून दुरुस्त करू का विचारलं, तर गुरुजी म्हणाले, राहू द्या.