चेअरमनसाहेबांचं शिफारसपत्र

"शिकलेली हाय म्हणं लई, मग बोलत कावून न्हाई?"

आतून कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या बायकोचा आवाज आला. व्हरांड्यात अप्पांशेजारी बसलेली मी चहाच्या बशीकडे बघत राहिले. इंग्रजी शाळेत गेल्यापासून माझ्या गप्प बसण्याला सगळे शिष्टपणाच म्हणत.

चूक माझीच. पीएचडीच्या अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात, असं मी घरी बोलून गेले होते. ती मला शिकवलेल्या प्राध्यापकांची लागतात, आणि त्यांनी ती पाठवलीही होती. पण अप्पा साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजणाऱ्या काट्यावर कारकून. नोकरी असो, वसतिगृह असो की दवाखान्यातली खाट, त्यांना शिफारस एकाच माणसाची ठाऊक. मला न विचारताच त्यांनी साहेबांची वेळ घेतली.

त्या वर्षी दुष्काळामुळे कारखान्याचा बॉयलर पेटलाच नव्हता. उभा ऊस तोडून चारा छावण्यांना गेला होता. साहेब निवांत होते.

"कशात करतीस, बाळ?"

"भूजलात."

"बघा काटेवाले! हितं टँकर येळंवर येत न्हाई, अन् तुमची पोरगी पाण्यात डॉक्टर व्हणार!"

अप्पा मोठ्यानं हसले. मी ओठ ताणले.

साहेबांनी लेटरहेड पुढं ओढलं, एक ओळ लिहिली आणि पेन ठेवलं. "परक्याला पत्र कशाला? आपल्याच संस्थेचं कॉलेज हाय." लगेच त्यांनी कॉलेजातल्या पीएचडीच्या गाइडना फोन लावला आणि बोलणं झाल्यावर म्हणाले, "सहकार शिकवतेत ते. पाण्याचं सहकारात बसवू म्हणतेत. उद्या जाऊन नाव नोंदव. घरचं खाऊन डॉक्टर हो."

अप्पांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

माझे गाइड व्हाल का, असं विचारत कित्येक महिने मी अनोळखी प्राध्यापकांना ईमेल लिहीत होते. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका बाईंनी दिलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या विद्यापीठात माझी मुलाखत होती. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. इथं एकदा नाव लागलं की ते काढणं म्हणजे साहेबांचा शब्द मोडणं, आणि अप्पांना रोज त्यांच्याच कारखान्याच्या गेटातून आत जायचं होतं.

"जाशील ना उद्या?"

"जाईल की, साहेब," अप्पा म्हणाले.

मी हातातली बशी खाली ठेवली.

"मी उद्या जाणार नाही, साहेब. माझी मुलाखत ठरली आहे, दुसरीकडे."