जब्बारभाईंची पिशवी

मंडईजवळ माझं बटणं-दोऱ्याचं दुकान. शेजारी जब्बारभाई टेलर. रेडिमेड शर्टांनी त्यांचा धंदा बुडवला, तसे हे कविता करायला लागले. कविता म्हणजे काय, तर कापडाच्या चिंध्यांवर एकेक ओळ लिहायची, पिशवीत कोंबायची आणि लोकांसमोर हात घालून हाताला लागेल ती वाचायची. क्रम नशिबाचा म्हणे. मी म्हटलं, "त्यापेक्षा हाउजी खेळा, निदान बक्षीस तरी मिळेल." नुसते हसले. चिडणं त्या माणसाला ठाऊकच नाही, म्हणून मला दोघांच्या वाटचं चिडावं लागतं.

त्यांची बायको मुमताज वारली, तेव्हा तिच्या लग्नातल्या मखमली कुडत्याचा तुकडा कापून त्यावर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पिशवीत टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत. पुढे गावभर कार्यक्रम झाले, पण तो तुकडा काही निघाला नाही. मुमताजचं नावही परत त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मुलगी अलिझा हिंजवडीला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. कंपनी तिला अमेरिकेला पाठवणार होती. एक दिवस दुकानात येऊन रडायलाच लागली. "सुशीलामावशी, अब्बांनी अम्मीबद्दल एकदा तरी बोलावं. मग मी सुखाने जाईन."

मी तशीच शेजारी गेले. "अहो, लिहिलंय ना? मग वाचून दाखवा पोरीला."

"नशिबात असेल तेव्हा निघेल, ताई."

माझं डोकंच फिरलं. "उभा जन्म कापड हाताळलंत, आणि तुमच्या बोटांना मखमल कळत नाही होय? कुणाला शेंडी लावताय?"

ते मशीनला तेल घालत बसले.

अलिझाच्या कंपनीने मराठी दिनाला त्यांना बोलावलं. मीही गेले. ओळी छान रंगल्या, पोरांनी मोबाइलसुद्धा खिशात ठेवले. आता शेवटची चिंधी काढणार, तेवढ्यात अलिझा उठली, स्टेजवर चढली आणि त्यांच्या हातातून पिशवीच घेतली. आत हात घालून चाचपत राहिली. शेवटी टेलरचीच पोर ती. मखमल काढून तिने त्यांच्यापुढे धरली.

जब्बारभाईंनी ती हातात घेतली. मग माइकवर म्हणाले, "पोरीने लबाडी केली. माझीच शिकलीये."

चष्मा पुसला आणि वाचलं:

"मुमताज, अख्ख्या पेठेची मापं लिहून ठेवली. तुझं तेवढं पाठ आहे."